भुंगीची दोन वर्षं

मुलाखतीच्या तयारीच्या वर्गात भुंगीची पहिली तक्रार झाली ती बोटावरून. सरांनी विचारलं, "स्वतःबद्दल थोडं सांगा," आणि हिनं उत्तर द्यायच्या आधी तर्जनी वर करून त्यांच्या नाकासमोर धरली. थांबा, अशी. सर थांबले. वर्गातली तीस पोरंपोरी थांबली. मग बोट खाली आलं आणि उत्तर आलं. उत्तर चांगलं होतं, पण सरांचा चेहरा पडला तो पडलाच.

"मुलाखत घेणाऱ्यांना बोट दाखवून गप्प बसवायचं नसतं," ते म्हणाले.

आता यात भुंगीचा दोष एवढाच, की ती वाइंडिंगच्या दुकानात वाढली होती. मोटरीतली करपलेली तार उपसून काढायची आणि तेवढेच वेढे मोजून नवी तांब्याची तार भरायची, हा तिच्या वडिलांचा धंदा. वेढे मोजताना बोललं की आकडा गेला, आणि आकडा गेला की सगळी तार पुन्हा सोडा. म्हणून त्या दुकानाचा एकच कायदा. मोजणी चालू असताना कुणी काही विचारलं तर बोट वर. गिऱ्हाईक असो, बायको असो, नाहीतर साक्षात घरमालक, बोट खाली येईपर्यंत त्यानं मुकाट उभं राहायचं. भुंगी बोलायच्या आधी बोट वर करायला शिकली. बोलायला लागली ती मात्र थांबेचना. दिवसभर प्रश्न विचारून डोक्याला भुंगा लावते म्हणून वडिलांनीच तिचं नाव भुंगी पाडलं.

इंजिनिअरिंगची पदवी हातात पडली त्याच महिन्यात वडिलांना पक्षाघात झाला. जीभ वाचली, उजवा हात गेला. दुकानात अकरा मोटरी पोट फाडून पडल्या होत्या आणि गिऱ्हाइकं दारात. भुंगीनं पदवीची गुंडाळी कपाटावर टाकली आणि त्या अकरा भरल्या. तोवर बारावी आली. असं करता करता दोन वर्षं गेली. वडील शेजारी स्टुलावर बसत. वेढे तिचे, शिव्या त्यांच्या. आता काका दुकान सांभाळायला आला होता, आणि मोटरी बनवणाऱ्या एका कारखान्यानं तपासणी विभागात एक जागा काढली होती. भुंगीला तीच जागा हवी होती, दुसरी कुठलीही नाही.

सरांनी तिचा अर्जाचा मसुदा चष्मा वर करून वाचला. "दुकानाचं हे काढून टाका. शर्टाला भोक पडलं तर आपण वर खिसा शिवतो ना? तसं करायचं. विचारलं तर सांगा, उच्च शिक्षणाची तयारी करत होते."

"पण मी तसली तयारी केलीच नाही."

"मग ती कशी झाली ते सांगू नका."

वर्ग खदखदला. भुंगी हसली नाही. हे ऐकून घरी वडील तरी सरांना सोलून काढतील, अशी तिची खात्री होती. वडिलांनी ऐकून घेतलं आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "बरोबर सांगतायत ते. दुकानाचं नाव काढू नकोस. एवढी शिकलीस आणि तार गुंडाळत बसलीस म्हणतील. तेलकट हातांची म्हणून दारातूनच परत पाठवतील."

सरांचा आला नव्हता इतका राग तिला वडिलांचा आला. ज्या माणसानं आयुष्यात एक वेढा इकडचा तिकडे चालवून घेतला नाही, तो दोन वर्षं गिळून टाक म्हणत होता. पण हात गमावलेल्या बापाशी भांडायचं कसं? खोटं तिला लिहवेना, खरं कुणी लिहू देईना. तिनं अर्जात त्या दोन वर्षांची जागा कोरी सोडली आणि सरांचं वाक्य तेवढं पाठ केलं.

सराव आईनं घेतला. आई दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीत बसते, त्यामुळे प्रश्न विचारण्यात तिचा हात कुणी धरणार नाही. जेवणाच्या टेबलापाशी ताठ बसून ती म्हणाली, "नाव? वय? काय त्रास होतोय?"

"आई, नोकरीची मुलाखत आहे."

"बरं. मग ही नोकरी कधीपासून हवीशी वाटतेय? आधी कुठं दाखवलं होतं?"

स्वयंपाकघरात काका ठसका लागेपर्यंत हसला. आईनं मात्र शेवटी एक कामाचं सांगितलं. "खिडकीशी आलेला माणूस खोटं बोलायला लागला की आधी माझ्या हाताकडे बघतो. उच्च शिक्षणाचं ते वाक्य म्हणताना तू आत्ता तेच केलंस."

मुलाखतीच्या खोलीत तिघं होते. मधल्या खुर्चीत विभागाच्या प्रमुख बाई, डावीकडे इस्त्रीची घडीही न मोडलेला एक तरुण अधिकारी, उजवीकडे पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ, जे तोवर अवाक्षर बोलले नव्हते. अभ्यासाचे प्रश्न भुंगीनं धडाधड उडवले. मग तरुण अधिकाऱ्यानं अर्जातल्या कोऱ्या जागेवर पेन टेकवलं.

"ही दोन वर्षं काहीच नाही? आजारी होतात? लग्न ठरलं होतं? की कुणी घेतलंच नाही?"

चार प्रश्न एका दमात. भुंगीचं बोट वर गेलं.

खोली चिडीचूप झाली. तिच्या लक्षात आलं तेव्हा बोट उभंच होतं, आणि आता खाली घेणं म्हणजे आणखी शोभा. पाठ केलेलं वाक्य जिभेवर येऊन बसलं होतं. पण बोट वर असताना तिनं आजवर कधी खोटा आकडा धरला नव्हता. तिनं सावकाश बोट खाली घेतलं.

"मोटरी भरत होते. वडिलांच्या वाइंडिंगच्या दुकानात."

"अर्जात तसं नाही," बाई म्हणाल्या.

"लपवण्यासारखं आहे असं मला सांगितलं होतं, आणि मी ऐकलं. माझी चूक. ती आता दुरुस्त करतेय."

तरुण अधिकारी हसला. "दुकानातली ठाकठोक वेगळी, कारखान्याचं काम वेगळं."

"वेगळं आहेच," भुंगी म्हणाली. तिची कानशिलं तापली होती आणि तिला आता नोकरी मिळो न मिळो, हे बोलायचंच होतं. "तुमच्याकडून मोटर चालू होऊन बाहेर पडते. माझ्याकडे ती जळून येते. तुमच्या एक हॉर्सपॉवरच्या बावीस आल्या. त्यातल्या सतरा एकाच जागी जळाल्या होत्या. तार बसते त्या खाचेच्या तोंडाशी तारेखालचा कागद दोन मिलिमीटर आखूड पडतो आणि तार पत्र्याला घासते. इथल्या तपासणीत ते कळत नाही, कारण पहिलं वर्षभर ती छान चालते. मी त्या सतराही मोटरींत कागद लांब घातला. त्यातली एकही परत आलेली नाही."

 पांढऱ्या मिशांचे गृहस्थ कागदावर काहीतरी लिहीत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "मघाशी कितवा वेढा चालला होता?"

भुंगी त्यांच्याकडे वळली. "शेवटचा," ती म्हणाली.

बाईंनी फाइल मिटली. "दुकानाच्या मालकाच्या सहीचं अनुभवाचं प्रमाणपत्र शुक्रवारपर्यंत आणा. त्याशिवाय तुमचं नाव मला पुढं पाठवता येणार नाही."

घरी येऊन तिनं सगळं जसंच्या तसं सांगितलं.  वडिलांनी कोरा कागद मागितला आणि डाव्या हातात पेन धरलं. त्या हातानं त्यांनी आजवर सहीसुद्धा केली नव्हती.

"बाबा, मी लिहून देते. तुम्ही फक्त..."

वडिलांनी पेन उभं धरलं. ती गप्प झाली. आई, काका, सगळेच गप्प उभे राहिले.

पाऊण तास लागला. ज्या वहीत प्रत्येक मोटरीचे वेढे नोंदलेले असत ती वही शेजारी उघडी होती. अक्षरं लंगडत होती, पण एकही खोडलेलं नव्हतं. "दोन वर्षांत सहाशे बारा मोटरी स्वतः भरल्या. एक परत आली."

"ती एक लिहायलाच हवी होती का?" भुंगीनं विचारलं.

"ती नसेल तर बाकीच्या सहाशे अकरा कोण खऱ्या मानेल?"

दुकानाचा छापील कागद कधीच नव्हता. म्हणून त्यांनी कागद पुन्हा पुढं ओढला आणि वर मोकळ्या सोडलेल्या जागेत, सगळ्यांत मोठ्या अक्षरांत, दुकानाचं नाव लिहिलं.