लाल दिव्याखालचे आम्ही तिघे

आम्ही तिघे अजूनही वर्षातून एकदा तरी भेटतो. ताटं वाढून व्हायच्या आत कुणीतरी "ते माकडाचं सांग ना गा" म्हणतं, आणि मग संध्याकाळ गेलीच समजा! रेडिओ केंद्रात आम्ही होतो जेमतेम उन्हाळाभर. पण किस्से एवढे जमले की तिथून रिटायर झालेल्यांकडेही नसतील. "निम्मे तुम्हीच बनवलेले असणार," असं माझे मिस्टर म्हणतात. बनवायची गरजच पडली नाही हो!

सत्तरचं दशक संपत आलं होतं. पत्रकारितेचा कोर्स करणाऱ्या आम्हा तिघांना इंटर्नशिपसाठी नागपूरच्या रेडिओ केंद्रात, वृत्तविभागात धाडलं. मी शहरातल्या महाल भागातली. नलिनी इंदोरा वस्तीतली, तिचे वडील कापडगिरणीत कामाला. आणि सुधाकर सावनेरकडच्या खेड्यातला, रोज बसनं येणारा. आमचे साहेब म्हणजे वृत्तसंपादक वझलवार. बुटके, पांढरा बुशशर्ट, आणि चुकीचा शब्द कानावर पडला की दाढ दुखल्यासारखा चेहरा करायचे.

*

पहिल्याच दिवशी आवाजाची टेस्ट. साहेबांनी समजावलं, "हजारो लोक ऐकताहेत असं मनात आणायचं नाही. समोर एकच माणूस बसलाय, त्याच्याशी बोलताय असं वाचायचं."

मी वाचलं, नलिनीनं वाचलं. मग सुधाकर आत गेला. आवाज असा की काचेबाहेरचा इंजिनीअरसुद्धा खुर्चीत सरळ झाला. पण गडी एक वाक्य वाचायचा आणि थांबायचा. दुसरं वाचायचा, पुन्हा थांबायचा.

साहेब वैतागले. "अहो, प्रत्येक वाक्याला थांबता का?"

"सर, समोरचा माणूस हूं म्हणन ना!"

साहेबांनी त्याला घेतलं. आम्हा दोघींना मात्र दुपारी सांगितलं, तुम्हीही चालाल.

*

नलिनीला आणि मला कामठीला पाठवलं. यंत्रमागावरच्या विणकरांची मुलाखत. खांद्यावर ते वजनदार टेपरेकॉर्डरचं धूड, त्याचा पट्टा एका बसस्टॉपपर्यंत माझ्या खांद्यावर, पुढच्यापर्यंत नलिनीच्या.

कारखान्यात शिरलो तर मागांचा असा खडखडाट की नलिनी माझ्या कानात ओरडली तरी ऐकू येईना. अन्सारी चाचांना खुणेनं विनवलं, पाच मिनिटं माग बंद करा. त्यांनी केले. एकदम शांत! मी हळूच माईक पुढे धरला आणि विचारलं, "चाचा, इस काम में कितने साल हुए?"

"बचपन से!!" चाचा इतक्या जोरात गरजले की रेकॉर्डरचा काटा लाल रेघेच्या पार गेला. बाहेर बांधलेली बकरी उठून उभी राहिली.

"चाचा, जरा धीरे…"

"धीरे ही बोल रहा हूँ, बेटी!!"

आम्ही अजून दोनदा विनवलं. शेवटी चाचांनीच तोडगा काढला. "मशीन चालू करो," ते म्हणाले, "बंद में बोलने की आदत नहीं है!"

ती मुलाखत खडखडाटासकट लागली. साहेब म्हणाले, "शब्द एक कळत नाही, पण कामठी आहे."

*

मे महिन्यात स्टुडिओतलं एअरकंडिशनर बंद पडलं. पंखा लावायची सोय नाही, आवाज येतो. बातम्या वाचायच्या किनखेडे बाई. त्यांनी उपाय शोधला. टेबलाखाली बर्फाच्या पाण्याची बादली, त्यात दोन्ही पाय, आणि वर शांतपणे बातम्या.

चार दिवस छान चाललं. पाचव्या दिवशी प्रक्षेपण सुरू झाल्याचा लाल दिवा लागला, बाईंनी वाचायला घेतलं, "शहरात पाणीटंचाई तीव्र झाली असून अनेक भागांत नळाला थेंबभरही…" आणि पान उलटताना पाय सरकला. बादली आडवी! धबधब्यासारखा आवाज गेला थेट घराघरांत.

बाई पक्क्या मुरलेल्या. आवाजात फरक नाही, बातमी पुरी केली. बाहेर आल्या तर फोन वाजतच होता. मी उचलला.

"हॅलो, रेडिओ का? हे बघा, बातमी गेली खड्ड्यात. तुमच्या इकडं नळ किती वाजता येऊन राहिले तेवढं सांगा!"

*

आता माकडाचं.

सुधाकरला रामटेकला धाडलं, गडावर येणाऱ्या भाविकांशी बोलायला. माईकला स्पंजची टोपी असायची, वाऱ्याचा आवाज येऊ नये म्हणून. पायऱ्यांवर एका आजोबांची मुलाखत ऐन रंगात आली आणि माकडानं झडप घातली. टोपी घेऊन सरळ कळसाकडच्या भिंतीवर. तिथं बसून त्यानं ती चावून पाहिली, आवडली नाही, पण परतही दिली नाही.

दुसऱ्या दिवशी स्टोअरकीपरसमोर उभं राहायची वेळ. हे पिंपळकर. सामान जसं नेलं तसं परत, एवढा एकच विचार त्यांच्या डोक्यात.

"टोपी कुठाय?"

"सर, माकडानं नेली."

"कुणीही नेली तरी नियम एकच. ज्याच्या ताब्यात वस्तू आहे त्याच्याकडून लिहून आणा."

सुधाकर म्हणाला, "चालन सर. मराठीत आणू का हिंदीत?"

*

नलिनीचा पहिला रिपोर्ट लागला त्या सकाळी तिच्या बाबांनी अख्खी वस्ती चहाच्या हॉटेलातल्या रेडिओभोवती जमवली. गिरणीतली पाळी बदलून घेतली होती त्यांनी. घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेली ती पहिली, आणि आता तर रेडिओवर!

आमच्या केंद्रात शिकाऊंचं नाव सांगायची पद्धत नव्हती. रिपोर्ट सुरू झाला, संपला, नाव काही आलं नाही. शेजारचे रामटेके काका म्हणाले, "आवाज चांगला होता, पन नलूच कशावरून?"

बाबांना ते फार लागलं. संध्याकाळी नलिनी घरी पोचते तो अंगणात तीच सगळी मंडळी बसलेली. बाबा म्हणाले, "नलू, आत जा, दाराआड उभी राह्य, अन् सकाळचं पुन्हा म्हन."

बिचारी दिवसभराची थकलेली. पण बाबांचा चेहरा पाहिला आणि गेली आत. स्वयंपाकघराच्या दाराआडून सगळा रिपोर्ट पाठ म्हटला, शेवटच्या शब्दापर्यंत.

बाबांनी रामटेके काकांकडे पाहिलं. "आता?"

"हां, ही नलूच होय," काका म्हणाले. "पन रेडिओतली जास्त शिकलेली वाटत होती!"

*

मग आम्हाला एक कार्यक्रम करायला मिळाला. गल्लोगल्ली फिरणाऱ्या विक्रेत्यांच्या आरोळ्या. बोहारीण, कल्हईवाला, कुल्फीवाला असे सगळे आम्ही वाटून घेतले. सुधाकरच्या वाट्याला इतवारी बाजारातला फुटाणेवाला गणपत आला. त्याच्यामागे टेपरेकॉर्डर घेऊन तो दोन दिवस गल्ल्या फिरला. "गरमाऽगरम फुटाणेऽऽ! वाळूत भाजले, हसत फुटलेऽऽ!" कार्यक्रम लागला, लोकांना आवडला.

त्यानंतर नवतपा लागला, आमच्याकडचे मेअखेरचे नऊ सगळ्यात कडक उन्हाचे दिवस. पंधराएक दिवसांनी एका दुपारी गेटवरून निरोप आला, कुणी दोघी भेटायला आल्यात. एक तरुण बाई आणि तिचा हात धरून एक म्हातारी, डोळ्यांत मोतीबिंदू. गणपतची बायको आणि आई. गणपत ऊन लागून गेला होता.

"लोकं म्हनतात, त्याचा आवाज रेडिओवर आला होता," सून म्हणाली. "आमच्या घरी रेडिओ नाही. सासूबाईले ऐकाचा आहे."

म्हातारी म्हणाली, "दिवसभर वरडून आला का घरी मुकाच राहे बाप्पा. जेव म्हटलं का जेवे, झोप म्हटलं का झोपे. मी त्याची आरोळी कधी ऐकलीच नाही."

केंद्रात टेप कमी. कार्यक्रम झाला की पुसून त्यावर दुसरं रेकॉर्डिंग व्हायचं. गणपतच्या आवाजावर आता पेरणीचा सल्ला होता.

वझलवार साहेबांनी तिला खुर्ची दिली आणि जे होतं ते सरळ सांगितलं. म्हातारी उठायला तयार होईना. म्हणाली, "तुमच्यापैकी त्याच्यासंगं कोन फिरलं होतं?"

"मी फिरलो, माय," सुधाकर म्हणाला.

"मंग तू सांग वरडून."

सुधाकरनं साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी स्वतः स्टुडिओचं दार उघडलं, त्याला आत पाठवलं आणि लाल दिवा लावला. प्रक्षेपण नव्हतं काही. आम्ही म्हातारीला बाहेर स्पीकरजवळ बसवलं.

पहिल्यांदा सुधाकरचा आवाज निघाला तो दबकाच. साहेब काचेबाहेरून बटण दाबून त्याला म्हणाले, "असं नाही. गल्लीच्या टोकापर्यंत गेला पाहिजे."

मग तो ओरडला. तंतोतंत. "गरमाऽगरम" वरचा हेल, "हसत"पाशी घेतलेला दम, सगळं. सुनेनं तोंडाला पदर लावला. म्हातारी मान कलती करून ऐकत होती, बोटानं मांडीवर ताल धरल्यासारखी. सुधाकर पुन्हा ओरडला. तिसऱ्या वेळी "फुटलेऽ"वर आवाज चिरला आणि तिथंच थांबला.

स्पीकरमधून नुसता श्वास येत होता.

"घसा बसला त्याचा," म्हातारी म्हणाली. "पानी द्या."

साहेबांनी माठातून ग्लास भरला आणि तिच्या हातात द्यायला गेले.

तिनं हात मागे घेतला. "मले नाही," ती म्हणाली. "त्याले."