तेरावं अंडं

"मशीनचा हात चालतो तिला. माझा नाही चालत!"

योकास्ता बापाला सांगत होती, आणि तिची आई एर्सिलिया अंड्यांची टोपली घेऊन मागच्या दारात ऐकत उभी होती. मोका गावातल्या एका लग्नाचा केक संध्याकाळी पोचवायचा होता, आणि त्यावरचा सुस्पिरो, म्हणजे अंड्याच्या फेसात गरम पाक सोडून केलेला पांढरा थर, अजून व्हायचा होता.

"अगं, तिला तिच्या आईनं तसं शिकवलंय," फर्मिन म्हणाला. "सुस्पिरो ज्या हातानं सुरू केला, त्याच हातानं संपवायचा. हात बदलला की फाटतो."

"बाबा, फेटतं ते मशीन! हात नुसता बटणावर. एकोणीस वर्षांची घोडी झाले, अजून पाकाची धार सोडायला मिळत नाही. मला काय, अंडी फोडायची. जाते मी न्यूयॉर्कला मावशीकडे. तिथं कुणी हात बघत नाही."

मशीनही त्याच मावशीने पाठवलेलं. वीज असली की ते असं घरघरायचं की फर्मिनला गप्प बसावं लागे. एर्सिलियाला ते त्यासाठीही आवडे.

त्या दिवशी तिने आत जाऊन "धर पातेलं" एवढंच म्हणायचं होतं. पण फाटला, तर नवरीच्या आईला काय तोंड दाखवणार? तिने स्वतःच अंड्याच्या फेसात पाक सोडला. सुस्पिरो कापसासारखा पांढरा उभा राहिला. आठवड्याभरात लेक न्यूयॉर्कला निघून गेली.

मग एर्सिलियाने शनिवारी शिकायला येणाऱ्या प्रत्येक पोरीच्या हाती पाकाचं भांडं द्यायला सुरुवात केली.

"डोन्या, हात बदलला तर?" एखादी आदराने 'डोन्या' म्हणत विचारी.

"बदलू दे गं. फाटला तर कॉफीबरोबर खाऊ."

बावीस वर्षांत, इतक्या हातांत, तो एकदाही फाटला नाही. हेच तिच्या जिव्हारी लागलं.

नाताळात योकास्ताचा फोन येई. "येते गं आई, पुढच्या वर्षी नक्की."

"ये. मशीन झाकून ठेवलंय," एर्सिलिया म्हणे. पुढचं ओठांवर येई, पण पाकाची धार काय फोनवर देता येते? ती समोर आली की भांडंच तिच्या हातात देईन, असं तिने ठरवून टाकलं होतं. मधे फर्मिन वारला, तेव्हाही लेकीला येता आलं नाही.

मग एका फेब्रुवारीत मावशीचाच फोन आला. योकास्ता कामावर कोसळली ती उठलीच नाही. एर्सिलियाच्या व्हिसाची तारीख येईतो तिला तिकडे मातीही देऊन झाली होती.

फोन आला त्या आठवड्याच्या शुक्रवारीही एर्सिलिया अंडी आणायला नान्दोच्या दुकानात गेली. केकला अंडी लागत बारा, ती घेई तेरा. कारण लहानपणी योकास्ता अंडी फोडायला बसली की एक जमिनीवर पडणार हे ठरलेलं. नान्दो दर वेळी चिडवायचा, "डोन्या, शाळेत मोजायला शिकवलं नाही वाटतं?" त्या दिवशी त्याने हळूच बाराच ठेवली.

"एक राहिलं, बाळा," ती म्हणाली.

त्याने मान खाली घालून तेरावं दिलं.

असे आणखी सहा शुक्रवार गेले. सातव्याला, तिच्या आयुष्यातल्या शेवटच्या शुक्रवारी, नान्दोला पुन्हा धीर आला होता. "डोन्या, बाराचं डझन असतं हो!"

"दुसरीतनं शाळा सोडली रे. माझं डझन तेराचंच."

बारा अंडी तिने टोपलीत नीट लावली, वर फडकं झाकलं. तेरावं नेहमीसारखं मुठीत धरलं आणि सावलीसावलीने घराकडे निघाली. उद्या पोरी यायच्या होत्या.