आरशाची लिफ्ट

आमच्या सोसायटीच्या अध्यक्षांचं नाव मी इथे घेणार नाही. घेतलं तर दिवसभर तोंड कडू राहील. निवृत्त अधिकारी, शर्टाची इस्त्री कधी मोडायची नाही आणि तोंडात सदा साखर. असल्या गोडबोल्यांपेक्षा उघड भांडणारी माणसं मला परवडतात.

दिल्लीतल्या द्वारकेत आमचं घर नवव्या मजल्यावर. इमारतीला दोन लिफ्ट. उजवीकडची राहणाऱ्यांची, आत मोठा आरसा. डावीकडची सामानाची. तिच्यातून कचऱ्याचे डबे उतरतात, कुत्री फिरायला जातात आणि घरकामाच्या बायका वर-खाली करतात. हे असंच असतं असं मी इतकी वर्षं धरून चालले होते.

माझी लेक तेरा वर्षांची. तिला ऑटिझम आहे. बोलते मोजकं, गुणगुणते फार. सकाळी सात वीसला तिच्या शाळेची व्हॅन फाटकाशी येते आणि दोन मिनिटांच्या वर थांबत नाही. तिला खाली नेते मौसी. मौसी बिहारची, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, लेक चार वर्षांची होती तेव्हापासून आमच्याकडे. लेकीला मराठीच कळतं म्हणून ही बाई मराठी शिकली. ‘बूट घाल बाळा’, ‘हळू’, ‘संपलं, संपलं’. माझ्या भावाची पोरं दिल्लीत वाढली, त्यांना ‘उंबरठा’ म्हणजे काय ते सांगावं लागतं. मौसीला सांगावं लागत नाही.

नऊ वर्षं दोघी आरशाच्या लिफ्टनं जात होत्या. लेकीचा हात मौसीच्या हातात असायचा, म्हणून गार्ड काही बोलायचा नाही. मग एक दिवस लेकीनं चौथ्या मजल्यावरच्या बाईंची ओढणी हुंगली. हुंगली फक्त! फाडली नाही, ओढली नाही. बाईंनी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, ‘डर लगता है, हमारे भी बच्चे हैं.’ खाली सत्तावीस अंगठे. संध्याकाळी लिफ्टच्या दाराला नोटीस चिकटली की स्पेशल बच्चे आणि त्यांना सांभाळणाऱ्या आया यांनी सामानाच्या लिफ्टनं जावं.

लेकीला वास सोसत नाहीत. पहिल्याच दिवशी त्या लिफ्टमध्ये तिनं स्वतःच्या मनगटाला चावा घेतला, दात उमटेपर्यंत. दुसऱ्या दिवसापासून दोघी जिन्यानं उतरू लागल्या. नऊ मजले, त्यात मौसीचे गुडघे दुखरे. पंधरा दिवसांत तीनदा व्हॅन चुकली. शाळेनं कळवलं की आणखी एकदा चुकली तर व्हॅनमधली जागा दुसऱ्याला देऊ. ही शाळा मिळायला आम्ही चार वर्षं उंबरे झिजवले होते. व्हॅन गेली म्हणजे शाळाच गेली. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

सोसायटीतले आम्ही सहा आईबाप एकत्र आलो. कोणाच्या मुलाला बागेत चेंडू खेळू देत नव्हते, कोणाची बाबागाडी लॉबीतून हलवली होती. सगळ्यांच्या मागण्यांचा एक अर्ज करायचं ठरलं. लिहिला मी. जन्म दिल्लीतला, हिंदी माझी चांगली. लेकीच्या लिफ्टबद्दल मी एक झणझणीत वाक्य घातलं: ‘मेरी बेटी कोई नौकरानी नहीं है, जो कचरे की लिफ्ट से जाए.’ रात्री नवऱ्याला दोनदा वाचून दाखवलं. तो म्हणाला, “सणसणीत आहे.” सहाही जणांनी सह्या केल्या.

रविवारी सभा होती. मी लेकीला मुद्दाम घेऊन गेले. बघू दे सगळ्यांना, वाघ आहे की अस्वल! मौसी तिला घेऊन मागे उभी होती. खुर्च्या रिकाम्या होत्या, तरी उभी. अध्यक्षांनी अर्ज मोठ्यानं वाचायला घेतला आणि त्या वाक्यावर टाळ्या पडल्या. माझा ऊर भरून आला, मी लेकीकडे बघायला मागे वळले.

मौसी खाली वाकून लेकीच्या बुटाची नाडी बांधत होती. त्या बुटांना नाडी नव्हतीच.

“बिल्कुल सही लिखा है,” अध्यक्ष म्हणाले. “बच्ची तो हमारी अपनी बच्ची है. मेन लिफ्ट से जाएगी, माँ-बाप के साथ.”

“और मौसी?”

“आया तो स्टाफ है, मॅडम.” आवाजात तीच साखर. “ये फ़र्क तो आपने ही लिखा है.”

मेल्यानं माझीच चप्पल माझ्या तोंडावर मारली, आणि बरोबर मारली. मी उठले. म्हटलं, तो नियमच काढून टाका, सगळे दोन्ही लिफ्टनं जातील. शेजारी बसलेली, माझ्याच अर्जावर सही केलेली आई माझी कुर्ती ओढत कुजबुजली, “यार, अब इतना मत खींचो. अपना काम हो गया ना?” हात वर करायला सांगितले तेव्हा एकच हात वर होता. बाकी पाच सह्या मोबाइलमध्ये माना घालून बसल्या होत्या. त्यांच्यावर मी थुंकले असते. पण वाक्य त्यांनी लिहिलं नव्हतं.

घरी आल्यावर मी स्वयंपाकघरात गेले. “मौसी, मेरा वो मतलब नहीं था.”

“भिंडी काटूँ दीदी, या लौकी?” ती म्हणाली.

सोमवारी मी ऑफिसला उशिरा येईन म्हणून कळवलं. सात दहाला आम्ही तिघी लिफ्टपाशी. आरशाची लिफ्ट उघडली. मौसीनं लेकीचा हात माझ्या हातात दिला आणि म्हणाली, “आईबरोबर जा, बाळा.” मग ती डावीकडे वळली.

लेकीनं हात हिसकला. माझी बोटं सोडवली एकेक करून, आणि मौसीमागोमाग त्या दुसऱ्या लिफ्टमध्ये शिरली. आत कालच्या कचऱ्याचा दर्प होता. तिनं मौसीच्या पदरात नाक खुपसलं, डोळे मिटले आणि गुणगुणायला लागली. मनगट चावलं नाही. मीही धावले, एक पाय आत टाकला.

मौसीनं हात आडवा धरला. माझ्याशी ती कायम हिंदीत बोलते. त्या दिवशी मराठीत बोलली, लेकीशी बोलते तशी, हळू.

“तुम्ही तिकडून या. इथे वास येतो.”

रागानं म्हणाली असती तर मी भांडले असते, रडले असते, पाय धरले असते. ती माझी सोय बघत होती. मी पाय मागे घेतला. दार बंद झालं, आणि मी आरशाच्या लिफ्टनं एकटी खाली आले.

व्हॅन मिळाली.