बँडवाल्यांची पंगत

तुमच्या घरच्या शेवटच्या लग्नात ज्यांनी वाजवलं, ते जेवले कुठे, हे तुम्हाला सांगता येईल का? नवरीच्या शालूचा रंग सांगाल, कुणाचा मानपान राहून गेला ते सांगाल, जिलेबी कच्ची होती हेही सांगाल. वाजवणारे कुठे बसले होते, तेवढं सांगा.

मला एका लग्नातलं सांगता येतं, कारण त्या लग्नात मी वाजवणाऱ्यांत होतो.

बहात्तरचा दुष्काळ पडला त्या वर्षी आमच्या कॉलेजात बँड निघाला. कॉलेज नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी नुकतंच सुरू झालेलं, पत्र्याच्या खोल्यांचं. निम्मी पोरं सुट्टीत खडी फोडायला जात आणि तिथं मिळालेली सुकडी मागच्या बाकावर बसून खात. असल्या वर्षी बँड कुणाला सुचावा? ज्याचा ऊस हिरवागार उभा होता त्याला. कालव्याकाठचे एक बडे बागायतदार कॉलेजच्या मंडळावर होते. त्यांनी वडिलांच्या स्मरणार्थ सगळी वाद्यं दिली. मोठ्या ढोलाच्या कातड्यावर वडिलांचं नाव लाल रंगात ठसठशीत लिहिलेलं, आणि त्याखाली, उरलेल्या जागेत, कॉलेजचं.

शिकवायला शेजारच्या गावचे एक निवृत्त हवालदार आले. पलटणीच्या बँडात उमर गेलेली. पहिल्या सकाळी त्यांनी वाद्यं मैदानात मांडली आणि म्हणाले, "घ्या ज्याला जे पायजे ते."

बिगुलांवर झुंबड उडाली. छोट्या ड्रमांनाही हात लागले. मोठा ढोल मात्र तसाच पडून राहिला. बिगुल म्हणजे पलटण, त्यात इज्जत. ढोल म्हणजे लग्न, आणि लग्नात ढोल कोण वाजवतं हे आमच्याकडे रांगत्या पोरालाही ठाऊक. आम्ही बहुतेक सगळे शेतकऱ्यांची पोरं. घरी जमीन जिरायत असेल, विहीर आटलेली असेल, पण ढोलाला हात लावायचा म्हटलं की प्रत्येकाच्या अंगात पाटील शिरला.

मग मातंग वस्तीतला माझा वर्गमित्र पुढे आला. त्याच्या चुलत्याचा लग्नातला बँड होता. ढोलाचा पट्टा गळ्यात अडकवत तो म्हणाला, "सरका. तुमच्या आज्याच्या लग्नात आमीच वाजिवलाय, बापाच्याबी. तुमची पाळी आली की सांगा."

सगळे हसले. हवालदार हसले नाहीत. त्यांनी त्याच सकाळी नियम घातला: दर महिन्याला प्रत्येकानं वाद्य बदलायचं. ढोलवाला बिगूल फुंकेल, बिगूलवाला ढोल उचलेल. आणि बिगूल कमी, फुंकणारे जास्त, तेव्हा एकाचं झालं की दुसऱ्यानं तो घ्यायचा. मधे बादलीत बुचकळायचा. बादली एकच.

दुसऱ्या दिवशी एक पोरगा घरून तांब्या भरून घेऊन आला. त्याचे वडील गावचे पाटील. आपला बिगूल तो आपल्या तांब्यातल्या पाण्यानं धुणार होता. हवालदारांनी तांब्या घेतला, त्यातलं पाणी बादलीत ओतलं आणि रिकामा तांब्या त्याला परत दिला. "पाण्याची टंचाई हाय," एवढंच म्हणाले.

आमच्या घरी पंचांग नव्हतं, पत्रकं होती. वडील सभांना जात आणि येताना गठ्ठे घेऊन येत. आई ती फडताळात डब्यांखाली अंथरायची. समतेवरची वाक्यं मी डबे उचलून वाचली आहेत. पण त्या सगळ्या पत्रकांनी मिळून जे केलं नाही ते त्या बादलीनं केलं, हे मी लिहून ठेवतो. पावसाळा यायच्या आत आम्ही कुणाचा बिगूल कुणाच्या तोंडाला लागतो हे बघायचं विसरलो. चिंच आणि राख लावून पितळ घासायला ओळीनं बसायचो. "तुझ्या बिगुलाला कांद्याचा वास येतो," असं पाटलाचं पोरगं ढोलवाल्याला म्हणायचं, आणि तो म्हणायचा, "कांदा तरी हाय आमच्यात. तुझ्यातून नुसती हवा येती." पाय एकदम पडायला लागले. आमचा बँड झाला. घरी मात्र कुणी बादलीबद्दल बोलत नसे, हेही खरं.

आणि मग बागायतदारांच्या मुलीचं लग्न निघालं.

प्राचार्यांनी हवालदारांना आणि आम्हा दोघातिघांना बोलावलं. वर बघायचं टाळून ते म्हणाले, "नवरदेवाला वेशीपासून मांडवात आणायचं आणि संध्याकाळी वरात. आपल्या पोरांचा बँड असावा अशी त्यांची इच्छा आहे."

हवालदार म्हणाले, "साहेब, हा झेंड्याला सलामी देणारा बँड हाय. लग्नाचा न्हाई."

"वाद्यं त्यांनी दिलीत, हवालदार."

माझा मित्र मधेच बोलला, "जाऊ की. लग्नात वाजवायला मला कसला कमीपना? माझा चुलता तेच करतो." प्राचार्यांना हायसं वाटलं. मला नाही वाटलं. कॉलेजला दिलेलं दान घरच्या कार्याला जुंपायचं, आणि नाही म्हणायची सोय ठेवायची नाही, याला दान म्हणत असतील तर वेठ कशाला म्हणायचं?

तरी गेलो. पांढरे सदरे खळ घालून कडक केले होते. वेशीपासून मांडवापर्यंत एकाचाही पाय चुकला नाही. बाया दारात येऊन बघत होत्या. अक्षता पडल्या आणि मांडवात पंगती बसायला लागल्या. तेव्हा वाढप्यांवर देखरेख करणारा एक कारभारी आला आणि हातातल्या काठीनं दाखवत म्हणाला, "वाजंत्री तिकडं, गोठ्यामागं."

आम्ही गेलो. कुणाला काही उमगायच्या आत गेलो. गोठ्यामागे शेणाच्या ढिगाजवळ पत्रावळी मांडलेल्या. माती चाळल्यासारखी उडत होती. मग पाटलाच्या पोराच्या ध्यानात आलं. तो ताडकन उठला. "आमाला वाजंत्री म्हनतो? आमी कोन हाय ठावं हाय का त्याला?" आणखी दोघेतिघे उठले. आरडाओरडा ऐकून खुद्द बागायतदार आले. त्यांचा चेहरा खरोखर ओशाळा झाला होता. हात जोडून म्हणाले, "चुकलं, पोरांनो. हातात वाद्यं बघून माणसाची गफलत झाली. तुमी आपली घरची. चला आत, पाहुण्यांच्या पंगतीला." मग नजर फिरवून त्यांनी बोटानं निवडायला सुरुवात केली. "तू फलान्याचा ना? तू ये. तूबी ये." बोट माझ्यावर आलं; मी जागचा हललो नाही. मग माझ्या मित्रापाशी आलं आणि त्याला ओलांडून पुढे गेलं.

सगळ्यांना गोठ्यामागे बसवलं ती त्यांच्या लेखी चूक. आमच्यातले निवडून आत न्यायचे ही दुरुस्ती. त्या दिवसापासून मला दुरुस्ती करणाऱ्या माणसांची भीती वाटते.

आणि पोरं गेली. सांगताना अजून जीभ कडू होते. महिनोन् महिने एका बादलीत बिगूल बुचकळलेली पोरं सदऱ्यावरची धूळ झटकत मांडवाकडे गेली. पाटलाचं पोरगं सगळ्यांत पुढे. माझा मित्र पत्रावळीवरून मान वर न करता म्हणाला, "जा रं बिगी बिगी. जिलेबी गार व्हईल."

बागायतदार हवालदारांकडे वळले. "हवालदारसाहेब, तुमी तर सोयऱ्यातले. उठा."

"तुकडी जिथं, तिथं मी," हवालदार म्हणाले आणि भात कालवायला लागले. आम्ही उरलेल्यांनीही खाली बघून जेवायला सुरुवात केली.

संध्याकाळी वरातीची घोडी सजून उभी राहिली. आत जेवून आलेली पोरं बिगूल घेऊन रांगेत आली, जणू मधे काही घडलंच नव्हतं. हवालदार समोर उभे राहिले. सगळं लग्न बघत होतं. त्यांनी हुकूम दिला: "विसर्जन." आणि ते पायी आपल्या गावच्या वाटेला लागले. वरात मुकी निघाली.

दुसऱ्या दिवशी बागायतदारांचा ट्रॅक्टर कॉलेजात आला आणि सगळी वाद्यं घेऊन गेला. वडिलांच्या नावाचा ढोल ट्रॉलीत पालथा पडला होता. प्राचार्य खिडकीत उभे होते. ते पुढे कधी या विषयावर बोलले नाहीत. पुढच्या सभेत मात्र शिस्तीवर बोलले.

बँड मोडला असं सगळ्यांनी धरलं. मीही धरलं. पण दोन दिवसांनी सकाळी मैदानात हवालदार उभे होते, हातात त्यांचा स्वतःचा जुना बिगूल. शेजारी माझा मित्र, गळ्यात चुलत्याचा ढोल. आणि बादली. लग्नसराईत चुलत्याला सुपारी असेल त्या दिवशी ढोल नाही, म्हणजे तालीम नाही, असं ठरलं. आम्ही फार थोडे होतो.

मैदानाच्या कडेला पाटलाचं पोरगं बराच वेळ उभं राहिलं. शेवटी जवळ आलं.

"काय पाटील," माझा मित्र म्हणाला, "जिलेबी पचली का?"

"न्हाई पचली. म्हनून तर आलो."

माझ्या मित्रानं नुकताच बिगूल फुंकला होता. तो त्यानं बादलीकडे न नेता तसाच पुढे केला. "घे. धुतलेला न्हाई."

पोरानं एकदा हवालदारांकडे बघितलं. ते माझ्या मित्राच्या गळ्यातल्या ढोलाची दोरी ताणत होते. मग त्यानं बिगूल घेतला, ओठांना लावला आणि फुंकला. सूर फाटका निघाला. "अजूनबी हवाच," माझा मित्र म्हणाला आणि ढोलावर टिपरू टाकलं.

बाकीचे आलेच नाहीत. त्यांची लग्नं झाली आता. त्यातल्या काहींच्या लग्नात माझ्या मित्राच्या चुलत्यानं वाजवलं, आणि तो गोठ्यामागेच जेवला. म्हणून हे लिहितो आहे. तुम्ही हळहळून पान उलटाल तर मी ही शाई फुकट घालवली.

येत्या लग्नसराईत तुमच्या मांडवात बँड येईल. पहिली पंगत बसायच्या आधी उठा, बाहेर जा आणि वाजवणाऱ्यांना स्वतः बोलावून आत आणा, सोयऱ्यांच्या मांडीला मांडी लावून बसवा. घरातलं कुणी आडवं आलं, तर भांडत बसू नका. आपली पत्रावळ उचला आणि ते जिथे बसले असतील तिथे जाऊन जेवा.