फोटोतली आईची जागा

जुन्नरच्या पेठेतल्या एका फोटो स्टुडिओत मी कॉम्प्युटरवर बसायचे, आणि माझं काम म्हणजे फोटोतलं नको ते काढणं. नवरीच्या डोक्यामागं उगवलेला विजेचा खांब काढा, साखरपुड्यात मध्येच शिरलेली म्हैस काढा, पुढं भांडण झालेला जावई काढा. म्हशीपेक्षा जावयाला जास्त वेळ लागायचा, कारण त्याचा हात कुणाच्या तरी खांद्यावर असायचा. गिऱ्हाईक माझ्या खुर्चीमागं उभं राहून उंटावरून शेळ्या हाकायचं. "ताई, एक बटन दाबलं की जातंय ना?" त्या बटणाचा मला भारी राग यायचा. असं बटण नव्हतं. शेजारचा रंग उचलायचा, नको त्या जागेवर ठेवायचा, पुन्हा उचलायचा, पुन्हा ठेवायचा. भिंत असेल तर भिंतीचा, शेत असेल तर शेताचा.

मग माझे वडील गेले. ध्यानीमनी नसताना, उसाचा हंगाम चालू असताना. ट्रॅक्टरनं ऊस भरून पारगावच्या कारखान्याला न्यायचे, त्यामुळं आमच्याकडं त्यांचे फोटो दोनच. एक कारखान्याच्या पासावरचा, त्यात ते पोलिसांनी पकडून आणल्यासारखे दिसतात. दुसरा निमगाव साव्याच्या आमच्या घरात भिंतीवर, आईबरोबर काढलेला. मी शाळेत असताना दोघं बाजाराला जुन्नरला आले होते, तेव्हाचा. मागं रंगवलेल्या पडद्यावर बागेचा जिना आणि कुंडी, पुढं दोघं उभे. वडील त्यात हसत होते. ते कॅमेऱ्यासमोर हसले ते तेवढं एकदाच.

दहाव्याला नदीवर फोटो ठेवायचा होता, आणि नंतर तोच घरात लावायचा होता. चुलत्यांनी भिंतीवरची फ्रेम उतरवून माझ्या हातात दिली. "हिच्यातनं वहिनीला काढ. दादा एकटाच ऱ्हाऊ दे."

"आईला कशाला काढायचं?" मी म्हणाले.

"जित्या माणसाला हार घालत्यात का?"

आमच्याकडं भिंतीवरच्या गेलेल्या माणसाला हार असतो, आणि त्या हाराखाली जिवंत माणूस आलेलं कुणाला खपत नाही. मलाही खपलं नसतं. आई भिंतीला टेकून बसली होती. रिकाम्या खिळ्याकडं बघत ती म्हणाली, "काढ. पर माझी जागा मोडू नको."

मला ते धड कळलं नाही. पण ती दुसरं काही मागत नव्हती. रडतही नव्हती. तेव्हा मी मनाशी ठरवलं, की हे काम मीच करणार आणि तिच्या म्हणण्याप्रमाणेच करणार.

स्टुडिओत फोटो स्कॅन करून पडद्यावर मोठा केला, तेव्हा मला आईचा हात दिसला. भिंतीवरच्या फोटोत तो कधी नजरेत आला नव्हता. फोटोवाल्याच्या दिव्याला ती घाबरली असणार. पदराच्या आडून तिनं वडिलांच्या शर्टाची बाही मुठीत गच्च धरली होती. वडील कशाला हसत होते तेही मला तेव्हाच उमगलं. तेवढ्यात स्टुडिओचे मालक शेजारी येऊन बघायला लागले.

मालक भले माणूस होते, पण त्यांच्याकडं सगळ्या मयतांना एकच औषध होतं. कोट. कॉम्प्युटरमध्ये एक निळा कोट ठेवलेला होता आणि तालुक्यातली निम्मी म्हातारी माणसं मेल्यावर तोच कोट घालून भिंतीवर गेली होती. "कोट घाल ताई," ते म्हणाले. "हाताची कटकट मिटंल. फोटोबी मधोमध घे, पाठीमागं आभाळ टाक. लई भारी दिसंल."

"माझ्या वडिलांनी जन्मात कोट घातला नाही."

"कुणी घातला व्हता? तरीबी घालत्यात."

मी कोट घातला नाही. आईला काढायला बसले. आधी तिची साडी गेली, मग पदर. तिच्यामागं काय होतं ते कुणी पाहिलेलं नव्हतं, म्हणून वडिलांच्या बाजूचा जिना उचलून तिच्या जागी पायऱ्या रचल्या, कठडा ओढला. चेहरा सगळ्यांत शेवटी ठेवला होता. स्वतःच्या आईच्या डोळ्यांवर कठड्याचा रंग ठेवताना हात चालत नाही, पण मी तो चालवला. मग मूठ पुसली आणि बाहीवरच्या चुण्याही पुसून बाही सरळ केली. काम अगदी सफाईदार झालं होतं. आणि वडील परके दिसत होते. उगाचच हसणारा, एकटा, इस्त्रीचा शर्ट घातलेला कुणीतरी माणूस.

तेवढ्यात वीज गेली. भारनियमनाचे दिवस होते, आणि खालचा यूपीएस टीं-टीं करून लगेच मान टाकायचा. मी काहीच साठवून ठेवलं नव्हतं. मालक हळहळले. मला मात्र बरं वाटलं.

वीज आली तशी मी पुन्हा पहिल्यापासून बसले. पुन्हा साडी, पुन्हा पदर, पुन्हा चेहरा, या वेळी दर पायरीला साठवत. मूठ काढली, पण चुण्या ठेवल्या. बाही जिथं ओढली गेली होती तिथं ती ओढलेलीच राहिली. आणि फोटो कापून वडिलांना मधोमध आणलं नाही. ते एका बाजूला, दुसऱ्या बाजूला जिना आणि कुंडी, मध्ये एक माणूस मावेल एवढी मोकळी जागा.

दहाव्याला नदीवर चुलत्यांनी फोटो हातात धरून मान तिरपी केली. "कडंला गेलाय गं दादा. आन् ही बाही कुणी वढल्यावाणी दिसती. सरळ करून घे की."

"नाही होत," मी म्हणाले.

"मंग श्यान्या माणसाकडनं करून घेऊ."

"हा असाच राहील, काका. दुसरा केलात तर मी तो भिंतीवर लागू देणार नाही." माझा आवाज चढला होता. चार पाहुणे वळून बघत होते. काकांनी फोटो खाली ठेवला आणि पुन्हा विषय काढला नाही.

फोटो त्याच जुन्या खिळ्यावर लागला. आई जवळ गेली. तिनं पदरानं काच पुसली, चुण्यांवर बोट ठेवलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "मला टाकून न्हाई ना दिलं?"

"नाही. अख्खा फोटो सीडीवर उतरवलाय, त्यात आहेस."

"मी गेल्यावर परत घाल तिथं. मंग हाराची बी अडचण न्हाई."

मी तिच्यावर खेकसले, असलं काही बोलायचं नाही म्हणून. पण ती सीडी मी जपली. पुढं स्टुडिओ सुटला, कॉम्प्युटर बदलले, आणि दर नव्या कॉम्प्युटरवर पहिली ती फाइल उतरवून घेतली. उघडून बघते, आई आहे ना. असते. बाही धरून उभी असते.

गावी गेले की जेवताना ती कधीतरी मध्येच विचारते, "माझी जागा हाय ना गं?"

"आहे."

"मंग ऱ्हाऊ दे," ती म्हणते आणि माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकते. "घाई न्हाई."