टूरमध्ये नसलेला जिना

"मॅडम, हॉलच्या उजव्या दारातून बाहेर पडलं की लगेच कमोड आहे ना? टूरमध्ये बघितलंय मी. फक्त एकदा खात्री करून घेते."

"उजव्या दाराबाहेर? तिथे तर स्टोअररूम आहे. आम्ही सतरंज्या ठेवतो तिथे," मी म्हणाले.

फोनवर प्रज्ञा होती. जानेफळची मुलगी, पुण्यात नोकरीला. तिचं स्वतःचं लग्न आमच्याकडे ठरत होतं. मलकापूरच्या बाहेर, हायवेला लागून आमचं हॉटेल आहे, मागे लग्नाचा हॉल आणि लॉन. तिथलं बुकिंग मी बघते. नवऱ्याकडचे लोक नांदुऱ्याचे, मुंबई-नागपूरकडचे पाहुणे रेल्वेने येणार, म्हणून मलकापूर सगळ्यांना सोयीचं होतं.

"असं कसं? बाणावर बोट ठेवलं की थेट कमोडच दिसतोय. पांढरा, स्वच्छ. बाजूला धरायला दांडा."

मी कॉम्प्युटरवर टूर उघडला. हॉलमध्ये गेले, उजव्या दारावरचा बाण दाबला आणि कमोडसमोर उभी राहिले. बाथरूम आमचंच होतं, ओळखीचं. पण ते वरच्या मजल्यावरच्या सूटमधलं होतं. मध्ये एक पूर्ण जिना आहे. टूरमध्ये तो जिनाच नव्हता.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तापट आहे, हे घरी-दारी सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या वेळचा राग साधा नव्हता.

हा टूर म्हणजे काय, ते सांगते. गोल फिरून चहूकडचं टिपणारा एक कॅमेरा असतो. तो स्टँडवर लावून खोलीच्या मधोमध फोटो काढतात. मग दुसऱ्या खोलीत, मग तिसऱ्या. हे फोटो एकमेकांना बाणांनी जोडतात. बाणाला हॉटस्पॉट म्हणतात. बाण दाबला की माणूस या फोटोतून त्या फोटोत जातो. बाण कुठून कुठे न्यायचा, ते टूर बनवणाऱ्याच्या हातात असतं. म्हणजे सगळे फोटो खरे ठेवूनही खोटं बोलता येतं.

हे आमच्याकडे आलं कशासाठी? एक लग्न ठरायचं तर हॉल बघायला किती गाड्या येतात, ते आमच्या धंद्यातल्या माणसालाच माहीत. आधी मुलीकडचे बाप्ये एका जीपमध्ये. मग मुलाकडचे, त्यांचा मान म्हणून दोन जीपमध्ये. मग दोन्हीकडच्या बाया. मग डेकोरेशनवाला, मग केटरर. सगळं डिझेल. याला आम्ही साइट व्हिजिट म्हणतो. मोठ्या कंपन्या हल्ली मीटिंग ठरवताना हॉटेलला विचारतात, तुमच्यापायी धूर किती होतो? त्याला त्या कार्बन म्हणतात. आमच्या शेठच्या कानावर ते गेलं. त्यांनी टूर करून घेतला आणि रिसेप्शनवर मोठा बोर्ड लावला, 'आमच्या पाहुण्यांनी वाचवलेल्या फेऱ्या'. कोणी लिंक उघडली की एक फेरी वाचली असं धरायचं, आणि बोर्डवरचा आकडा वाढवायचा. मग तो माणूस दुसऱ्या दिवशी जीप घेऊन आला तरी आकडा खाली येत नसे.

कल्पना मात्र मला पटली होती. प्रज्ञाला सुट्टी मिळत नव्हती. तिच्या आईचं पोटाचं ऑपरेशन झालेलं, गुडघे गेलेले. त्यांना थोड्या थोड्या वेळाने लघवीला जावं लागे आणि खाली बसता येत नसे. जानेफळहून मेहकर, चिखली, बुलडाणा, मग राजूरचा घाट उतरून मलकापूर, हा रस्ता त्या बाईला फक्त हॉल बघण्यासाठी कशाला करायला लावायचा? टूर अशा माणसांसाठीच तर हवा.

मी प्रज्ञाला खरं ते सांगितलं. कमोड वर आहे. खाली लेडीज टॉयलेट आहे, पण ते किचनच्या मागे आणि भारतीय पद्धतीचं.

"मग बाण तिथे कसा जातो?"

"चुकीचा लागलाय."

"चुकून, की लावलाय?"

मी बाण पुन्हा दाबून पाहिला. पुन्हा कमोडच.

"मी आईले सांगून बसली न मॅडम, की दाराजवळच आहे म्हणून," तिची पुण्याची भाषा सुटली. "ती लग्नात स्टेजजवळ बसाले तयार नव्हती. मागं, दारापाशी बसतो म्हणे. पोरीच्या लग्नात आई दारापाशी बसन का?"

मी म्हणाले, मी आत्ता व्हिडिओ कॉल करते, सगळं फिरून दाखवते.

"मोबाइलवर पाहूनच तर फसली न मी! आता आईच येईन. डोळ्यानं पाहीन, मंग ठरवीन." तिने फोन ठेवला.

मी टूर बनवणाऱ्याला फोन लावला. त्याने हात वर केले. "शेठनीच सांगितलं, मॅडम. खालचं टॉयलेट घेऊ नका म्हणाले. आणि मध्ये जिना आला की टूर तुटल्यासारखा वाटतो."

शेठ केबिनमध्येच होते. त्यांची कापसाची जिनिंग आहे, हॉटेल हा नंतरचा हौसेचा धंदा. माणूस वाईट नाही. पण हौस स्टेजची आणि झुंबराची.

"शेठ, तो बाण तुम्ही लावाले सांगितला?"

"कोणता?"

"हॉलमधून वरच्या बाथरूमचा."

ते हसले. "अहो, बाथरूम आपलंच हाय न? दुसऱ्याचं थोडीच दाखवलं?"

"मधातला जिना कुठं गेला?"

"जिना काय पाहाचा मॅडम? अन् खालचा संडास टूरमधी टाकतीन का कोणी? लोकं हसतीन आपल्यावर."

"लोकं म्हणजे बाप्ये. बाप्ये येतात, स्टेज पाहतात, चहा पेऊन जातात. बाया काय पाहतात, तुम्ही पाह्यलं कधी? त्या सरळ मागं जातात. कडी लागते का, नळाले पाणी हाय का, नवरीच्या खोलीची खिडकी बंद होते का. टूर केल्यावरही बायांच्या गाड्या येऊनच राह्यल्या, काऊन? जे पाहाले त्या येतात तेच तुम्ही दाखवलं नाई!"

"लग्न एका दिवसाचं असते, मॅडम. बाया काढून घेतात एक दिवस."

काढून घेतात. मी केबिनमधून बाहेर आले, नाहीतर काय बोलले असते कोणास ठाऊक. मीही काढलेले आहेत असे दिवस. नात्यातल्या लग्नाला जायचं तर आदल्या संध्याकाळपासून पाणी कमी करायचं. भरल्या मांडवात ताक नको, चहा नको म्हणायचं. ज्यांनी हे कधी केलं नाही, ते इमारती बांधतात.

दोन दिवसांनी प्रज्ञाच्या आई आल्या. गाडी त्यांच्या भाच्याने आणली. भाचा गाडीपाशी थांबला, त्या एकट्याच आत आल्या. निवृत्त अंगणवाडी सेविका, पांढरी साडी, हातात काठी.

"जय भीम, मॅडम."

"जय भीम, काकू. बसा. आधी पाणी घ्या."

"पाणी नको. सकाळपासून नाई घेतलं, आता कायले घेऊ?" उन्हाने आणि गाडीने त्यांचे ओठ सुकले होते. "मले पहिले ते दाखवा."

मी किचनमागचं टॉयलेट दाखवलं. ओली फरशी, तीन पायऱ्या, कडीच्या जागी तार. त्यांनी आत नुसतं डोकावलं. "खाली बसता येत नाई मले." मग जिन्यापाशी आलो. एका हाताने कठडा, दुसऱ्या हाताने माझा खांदा धरून त्या चढू लागल्या. दर पायरीला थांबायच्या. त्यांची काठी मी धरली होती. वर पोचायला इतका वेळ लागला की खाली वेटर लोकांची पंक्तीची टेबलं लावून झाली.

बाथरूममधून बाहेर आल्यावर त्या सूटमधल्या पलंगावर टेकल्या.

"पोचली वेळेवर," त्या म्हणाल्या. "दर खेपी पोचीनच असं नाई. तिकडं त्रिशरण सुरू झालं अन् मी इथं जिन्यावर असली, तर मंग?"

आम्ही उतरलो तेव्हा शेठ रिसेप्शनवर होते, बरोब्बर त्या बोर्डाखाली. गिऱ्हाईक बघून ते हसत पुढे आले. "या या काकू! एवढ्या दुरून काऊन तरास घेतला? टूर नाई पाह्यला का आमचा?"

"पाह्यला न भाऊ," काकू शांतपणे म्हणाल्या. "त्यात जिना नव्हता."

शेठ हसायचे थांबले. त्यांनी काठीकडे पाहिलं, जिन्याकडे पाहिलं. काकू भाच्याला हाक मारून गाडीकडे निघाल्या.

मी टेबलावर जाऊन टूरची लिंक बंद केली. पासवर्ड माझ्याकडेच होता. मग शेठच्या समोरच खुर्चीवर चढून बोर्डही उतरवला.

"हे काय करून राह्यल्या तुम्ही?"

"फेऱ्या वाचवल्या म्हणे! हे पाहा, ऑपरेशन झालेली बाई घाट उतरून आली. एक संडास पाहाले. हा धूर कोणाच्या नावावर टाकाचा? लिंकचा आकडा चढवला, हिच्या फेरीचा उतरवला का?"

"बरं बरं. बाण काढाले लावतो त्याले. झालं?"

"बाण काढू नका. तो जिथं जाते तिथं संडास बांधा."

"स्टोअरमधी?"

"स्टोअरमधी. सतरंज्या वर नेऊन ठेवा. त्यांचे गुडघे नाई दुखत."

शेठ चिडले. मालक कोण, असं विचारून झालं. मी म्हटलं, मालक तुम्हीच, पण मग ज्यांनी ज्यांनी हा टूर बघून बुकिंग केलं त्या प्रत्येक घरी मी आज फोन करते, की दाराबाहेर कमोड नाही, सतरंज्या आहेत. मी फोन उचललाही होता. त्यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला आणि त्यावरूनच प्लंबरला लावला.

स्टोअररूमची भिंत आणि किचनची भिंत एकच असल्यामुळे पाइप फार लांब न्यावे लागले नाहीत. इतकं सोपं होतं ते. याचाही मला रागच आला. पायरी ठेवली नाही, धरायला दोन्ही बाजूंना दांडे लावले, दार काठीवाल्याला ढकलता येईल असं रुंद घेतलं. किचनमागच्या टॉयलेटलाही कड्या बसल्या.

मग टूर पुन्हा केला. या वेळी मी कॅमेऱ्याबरोबर फिरले. उजव्या दाराचा बाण आधी लावून घेतला. मग जिना, सगळ्या पायऱ्यांसकट. नवरीच्या खोलीची कडी लावून दाखवली, खिडकी बंद करून दाखवली, नळ सोडून दाखवला. टूरवाला म्हणाला, मॅडम, याला प्रीमियम लुक येत नाही. मी म्हटलं, नको येऊ दे.

प्रज्ञाला लिंक पाठवली आणि लिहिलं, आईंना पुन्हा पाठवू नका, एवढी विनंती. रात्री मेसेज आला, 'आईने बघितलं. जिना मोजला म्हणाली. बुकिंग करा.'

लग्नाला काकू स्टेजसमोर, पहिल्या खुर्चीवर बसल्या. त्रिशरण-पंचशील झालं, फुलं पडली. मध्ये त्या एकदा उठल्या, उजव्या दारातून गेल्या आणि कोणाच्या लक्षात यायच्या आत परत येऊन बसल्या.

पुढे शेठना कुठल्याशा संघटनेने प्रवास आणि धूर वाचवल्याबद्दल प्रमाणपत्र दिलं. ते घ्यायला आमच्याकडून नागपूरला तीन गाड्या गेल्या. मी गेले नाही. आता बायांच्या गाड्या खरंच कमी झाल्यात. फोनवर त्या सांगतात, कडी पाहिली, नळ पाहिला, यायची गरज नाही. त्या नव्या टूरमध्ये सगळ्यात जास्त कोणता बाण दाबला जातो, ते शेठना दर महिन्याला कॉम्प्युटरवर दिसतं. झुंबराचा नव्हे.

एवढ्या सगळ्यातून मी शिकले ते इतकंच. माणसाची फेरी वाचवायची तर तो काय बघायला येतो ते आधी त्याला विचारायचं. आणि तो माणूस बाई असेल तर तिच्या नवऱ्याला विचारायचं नाही.

प्रज्ञाच्या लग्नाच्या दिवशी, जेवणाच्या आधी मी हॉलमधून जात होते. काकूंनी मला हाताने थांबवलं.

"मॅडम, पाणी मिळन का?"

मी स्वतः आणून दिलं. त्यांनी पूर्ण ग्लास संपवला, पदराने तोंड पुसलं आणि ग्लास पुन्हा माझ्यापुढे धरला.