पाटलाच्या हातातला आमचा गिलास

बहात्तरच्या दुष्काळानंतरची गोष्ट. हट्ट्याजवळच्या आमच्या गावात पाटलाची वांगी हिरवीगार असतानाच माना टाकू लागली. रोपं माझ्या आईनं लावली होती. "तिच्या हातानंच मर लागली," असं तो सांगत सुटला आणि आईला कुणी कामाला बोलवेना.

मी तेव्हा शेतकी शाळेत शिकत होतो. पारावर सगळ्यांसमोर मी एका सुकल्या झाडाचं खोड कापलं आणि आमच्या घरून पाणी भरून आणलेला काचेचा गिलास पुढं केला.

"पाटील, हा तुमीच धरा. हलवू नका."

"तुमच्या घरचा?"

"व्हय. मी धरला तर म्हणाल, पोरानं करणी केली."

ज्याच्या दारात आम्हाला ओंजळीनं पाणी प्यावं लागे, तो आमचा गिलास धरून उन्हात उभा राहिला. मी खोडाचं कापलेलं टोक पाण्यात धरलं. थोड्याच वेळात त्यातून दुधासारखा पांढरा धागा खाली उतरला.

"हे रोगाचे जंतू. हातातून नाही, मातीतून लागतात. रोपं कुणाच्या वाफ्यातली?"

"माझ्याच," तो पुटपुटला. "आता उपाय काय?"

"आधी माझ्या आईची माफी मागा."

त्याला आमच्या वस्तीत यायला तीन दिवस लागले. तोवर उरलेली वांगीही गेली. मला त्याचं आजही वाईट वाटत नाही.